शिकवलेली शीळ

कुठला पक्षी कुठल्या प्रजातीचा, हे आता पिसांचा रंग पाहून किंवा चोच मोजून ठरत नसे. पक्ष्यालाच विचारलं जाई. भैरवमाळावरच्या नर कस्तुराला खालच्या कोंडदरीतल्या कस्तुराची शीळ स्पीकरवरून ऐकवायची. तो पिसं फुलवून स्पीकरवर धावून आला, तर त्याला तिथे आपल्यातलाच प्रतिस्पर्धी दिसला. म्हणजे दोघं एकाच प्रजातीचे. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, तर प्रजाती वेगळ्या. याला ‘सादकसोटी’ म्हणत. ती डॉ. मृणालिनी केळुस्करांनी शोधली होती आणि सरकारने तिला कायद्याचं बळ दिलं होतं.

दोन्ही कस्तूर शेजारी ठेवले तर मृणालिनीबाईंनाही वेगळे ओळखता येत नसत. पण त्यांची कुळं लाखो वर्षांपूर्वी फुटली होती, आणि एकमेकांच्या शिळेला ते दाद देत नव्हते. दरीतले कस्तूर उदंड होते; माळावरचे जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. म्हणून माळ राखीव झाला. पुढे माळाखालच्या बॉक्साइटसाठी खाणकंपनीने फेरपरीक्षा मागितली आणि बाई पुन्हा वर आल्या. सोबत कंपनीचे सबनीस होते. बोलायला मऊ, घरचा चिवडा आग्रहाने पुढे करणारे.

बाईंनी दरीची शीळ लावली. झुडपातून एक तरणा नर सुसाट आला आणि स्पीकरवर चोची मारू लागला. पुढच्या ओहोळाशी तेच, त्याच्या पुढेही तेच. सगळे नर कोवळे. जुना, जाणता एकही दिसेना. मग त्यांतला एक फांदीवर बसून गायला. शीळ दरीची होती, आणि शेवटी त्याने घशातून खर्र असा आवाज काढला. जुनाट स्पीकर बंद होताना करतो तसा.

सबनीसांनी कुतूहलाने विचारलं, तेव्हा बाईंनी त्यांना समजावलं की गाणारा पक्षी शीळ पोटातून घेऊन येत नाही. घरट्यात असताना तो बापाचं ऐकतो, आणि त्या कोवळ्या दिवसांत कानावर पडेल ते जन्मभरासाठी पक्कं होतं. बोलता बोलताच त्या थांबल्या आणि एकट्याच ओहोळात उतरल्या.

एका घरट्याखालच्या कपारीत दगडाच्या रंगाची एक स्पीकरची पेटी होती. तिच्यामागे जाळीच्या पिशवीत जुने नर कोंबलेले होते, चिकटून गोळा झालेले, त्यांच्यावर किडे वळवळत होते. पिल्लांना बापाचा आवाज ऐकूच येऊ नये, याची ही तजवीज. वर घरट्यात थंडगार अंडी पडून होती. ओळखीच्या शिळेला भुलून दरीतली मादी वर आली होती, पण रक्त इतकं लांबचं होतं की गर्भ पुरता वाढेना. बाईंनी एक अंडं फोडलं. आत अर्धवट डोळ्यांचा काळा लगदा होता. घाण बोटांना लागली आणि त्या तिथेच ओकल्या.

मागून उतरून आलेल्या सबनीसांनी पाण्याची बाटली दिली. त्यांनी काही लपवलं नाही.

“शिकवायचं नाही, असं तुमच्या कसोटीत कुठे लिहिलंय, मॅडम?” ते म्हणाले. “पक्ष्यानेच सांगितलं ना, आम्ही एकच आहोत म्हणून?”

“अंडी कुजतायत.”

“कायदा अंडं विचारत नाही. शीळ विचारतो.”

मग जणू शाबासकी द्यावी तसं त्यांनी सांगितलं, की बाईंची पद्धत सरकार आता माणसांनाही लावणार आहे. माळावरच्या वाडीचा जमिनीवरचा हक्क ती वेगळी जमात असण्यावर आणि तिच्या वेगळ्या बोलीवर उभा होता. वाडीत घरोघर पाळण्याला कंपनीने अंगाईची पेटी भेट दिली होती.

बाई तडक वाडीत गेल्या. पहिल्याच घरात सोमी नावाची तरुण आई तांदूळ निवडत बसली होती. पाळण्याच्या दांडीला पेटी बांधलेली, तिच्यातून शहरी मराठीत गोड अंगाई चाललेली. बाळ पेटीकडे पाहून हसत होतं. बाईंनी वायर उपटली. बाळाने ओठ काढले आणि टाहो फोडला. सोमी धावली, त्याला उराशी धरून आपल्या बोलीतलं गाऊ लागली. बाळ तिच्या तोंडावर हात मारत, अंग मागे टाकत राहिलं. रडून रडून निळं पडलं, श्वास अडकू लागला. सोमीचं गाणं हळूहळू थांबलं.

“लावा बाई ते परत,” ती म्हणाली. “माझ्यानं नाय ऱ्हात तो.”

मृणालिनीबाई वायर धरून उभ्या होत्या. बोटांना अजून त्या अंड्याचा वास होता. बाळाचा श्वास पुन्हा अडकला, तशी त्यांनी वायर जोडली. अंगाई सुरू झाली. आईच्या कुशीतून मान वळवून बाळ पेटीकडे बघू लागलं आणि शांत झालं.

सोमीने पदराने डोळे पुसले आणि बाईंचे आभार मानले.