उमेदपट्टी

इस्लामपूरच्या त्या स्वयंपाकघरात सुवर्णा शेंगदाण्याची चटणी कुटत मोठमोठ्यानं हसत होती, आणि तिच्या मनगटावर पट्टी होती ती तिच्या मोठ्या जावेची, रत्नमालाची.

रत्नमालाला स्तनाचा कर्करोग होता. खचलेल्या बायका या आजारात लवकर जातात हे ध्यानात आल्यावर रुग्णालय त्यांना धीर देणारं कुणीतरी नेमेल, असं आपल्याला वाटेल. छे! औषध महाग, म्हणून ते उमेद असलेल्यांनाच द्यायचं ठरलं. घाम, नाडी आणि झोप यांवरून उमेदपट्टी मनाला शंभरपैकी गुण द्यायची. तिसाच्या खाली गेलं की औषध कायमचं बंद.

रत्नमाला घसरत बत्तिसावर आली होती. भीतीनं गुण उतरत, आणि उतरले की भीती आणखी वाढे. शेवटी सुवर्णाच म्हणाली, "अक्का, आणा इकडं ती. चार दिवस मी घालते. माझ्यासारखी खिदळणारी दुसरी कोण हाय घरात?" वाटीभर साखर उसनी द्यावी, इतकं ते दोघींना साधं वाटलं.

फोन वाजला. रुग्णालयाचं यंत्र गोड आवाजात म्हणालं, "रत्नमालाताई, तुमची उमेद एकोणीस. औषध थांबवत आहोत. पट्टी तुम्हीच घातली होती ना? दुसऱ्या कुणी घातली असल्यास नाव सांगा. गुण त्यांच्या नावावर जातील, तुमचं औषध चालू राहील. एकदा दिलेलं उत्तर बदलता येणार नाही."

रत्नमालानं फोनवर हात दाबला. "सुवर्णे, एकोणीस? तुझे?"

सुवर्णाचं हसू विरलं. बत्ता बाजूला ठेवून तिनं पदर सारखा केला. "गाठ हाय, अक्का. दिवाळीपासनं."

"आणि बोलली नाहीस?"

"एका घरात दोन-दोन दुखणी कशी काढायची? तुमचं निस्तरलं की सांगणार होते."

इतके महिने आपण या हसण्यावर विसंबलो, याचा रत्नमालाला स्वतःचाच राग आला. नाव सांगितलं तर तिचं औषध वाचत होतं. पण मग सुवर्णाच्या नावावर, तपासणीच्याही आधी, एकोणीस गुण चिकटणार होते. औषधाच्या दारातूनच तिला परत पाठवलं असतं.

"सांगा माझं नाव," सुवर्णा कुजबुजली. "माझं अजून काय नक्की न्हाई."

रत्नमालाला मरायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. तिनं फोनवरचा हात काढला.

"हो. मीच घातली होती."

"धन्यवाद. काळजी घ्या," यंत्र म्हणालं.

तिनं सुवर्णाच्या हातातली पट्टी सोडवली आणि सवयीनं आपल्या मनगटावर अडकवली. "उद्या तुला तपासायला न्यायचं. रडायचं असेल तर आत्ता रड." सुवर्णा तिच्या खांद्यावर डोकं टेकून खरंच रडली. रत्नमाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थोड्या वेळानं पट्टी उजळली. अडुसष्ट. एवढे गुण तिला कधीच पडले नव्हते.

दोघी त्या आकड्याकडे बघत राहिल्या. औषध आता मिळणार नव्हतं. यंत्र चुकलं म्हणावं, तर मघाशी सुवर्णाचं मन त्यानं अचूक ओळखलं होतं. आणि चुकलं नसेल, तर ही उमेद नक्की कुणाच्या जगण्याची होती?