पाकिटावरचा पत्ता

हसा पोरांनो, हसा. नोकरीला लागून आठ दिवस नाही झाले तुम्हाला! या इमारतीवर रात्रपाळीची राखण करायची, तर सत्ताविसाव्या मजल्याचं ऐकून ठेवा. माझ्या ओळखीतल्या माणसाचं आहे.

दोन वर्षं झाली. जुन्या पंचांगातल्या सातव्या महिन्यातली चौदावी रात्र, मेलेले घरी येतात ती. नऊ वाजलेले. चोंगछिंग शहरभर लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी रस्त्याकडेला कागदी नोटा जाळत होते; जाळलं की त्यांना पोचतं. मी कोपऱ्यावरच्या माझ्या दुकानात त्या नोटांची पाकिटं विकत होतो. लू चुनशान आला. सोबत मॅग्नस नावाचा उंच, गोरा पाहुणा. लू त्याला गाडीतून शहर दाखवत हिंडायचा, नवे पूल, काचेचे मनोरे. पाहुण्याला सगळ्याचंच नवल. आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा आणि पावलोपावली विचारायचा, हे का, ते का.

लूला मी आधीपासून ओळखत होतो. हा मनोरा आहे ना, इथं आमची गल्ली होती. बिल्डरचा माणूस म्हणून लू दारोदार ब्रशनं लाल वर्तुळ काढून आत ‘पाडा’ लिहायचा. आमच्या शेजारची फंग आजी काही घर सोडेना. एका पहाटे यानं तिच्या घरावर पाडायचं यंत्र घातलं. म्हणाला, आत कोणी नव्हतं. आजी विटांखाली सापडली. तोंडात, नाकात धूळ. आणि याला बक्षीस म्हणून इथंच घर मिळालं, सत्ताविसाव्या मजल्यावर.

"एक पाकीट द्या, मामा," लू म्हणाला. "फंग म्हातारीसाठी. रोज स्वप्नात येते मेली. पैसे मिळाले की बसेल गप."

त्यानं पाकिटावर तिचं नाव लिहिलं. पाठवणाऱ्याची जागा कोरी ठेवली. मी पाहिलं.

मॅग्नसनंही पाहिलं. तिथंच बोट ठेवून म्हणाला, "हे रिकामं का?"

"राहू दे रे बाबा, तुला काय करायचंय?"

पाहुणा माझ्याकडे वळला. "आजोबा, नाव नाही, तरी पोचतं?"

मी गप्प राहू शकलो असतो.

"नाही पोचत," मी म्हणालो. "बिननावी पाकीट भलतीच भुतं पळवतात. नाव लिही, लू. पत्ता पण लिही. मजल्यासकट."

खोटं नव्हतं ते. सगळेच लिहितात. पण लिहितात आपल्या माणसांना. वैऱ्याला घरचा पत्ता कोण देतं?

लूनं लिहिलं. तिथंच जाळलं.

पावणेबाराला मला त्याचा फोन आला.

"मामा... कोणीतरी आलंय."

"दार उघडू नकोस."

"दारात नाही..." तो कुजबुजला. "खिडकीबाहेर."

मी फोन कानाला घट्ट लावला.

"ब्रश फिरवल्यासारखा आवाज येतोय, मामा. काचेवर..."

मग खोकला. नुसता खोकला.

मग...

सकाळी दार फोडलं. आतून कडी. खिडक्या बंद. चकचकीत फरशीवर लू पडलेला. तोंडात, नाकात विटांची धूळ.

हॉटेलातून धावत आलेला मॅग्नस ओक्साबोक्शी रडला बिचारा. त्याचा काय दोष? मी नाही रडलो. फंग आजी माझ्या पोरांना रोज शेवया करून घालायची.

खिडकीच्या काचेवर लाल वर्तुळ होतं. आत ‘पाडा’. बाहेरून काढलेलं. सत्ताविसाव्या मजल्यावर, जिथं पाय टेकायला जागा नाही.

काच पुसणारे दोरांवरून तीनदा उतरले. शेवटचे गेल्या महिन्यात. वर्तुळ जसंच्या तसं. त्यांचे हात मात्र लाल झाले होते.

रंग अजून ओला आहे.