पांढरा गाळ

"ते गेल्यापासून ड्रम आपोआप फिरतो," बाई म्हणाली. "बंद करून कुलूप लावते, तरी कामावरून येते तेव्हा खोलीत घरघर चालूच."

तिचा नवरा दगडवेडा. नदीपात्रातून दगड वेचायचे आणि ड्रममध्ये आठवडेच्या आठवडे घोळून गुळगुळीत करायचे, हा त्याचा नाद. त्याच खोलीत तो डोकं फुटून मेलेला सापडला. पायरीवर पडला असणार, असं सगळ्यांनी धरलं.

बाईने छडा लावायला बोलावलेल्या ताईने भरदुपारी ड्रमचं झाकण काढलं. तिचा धाकटा भाऊ बापू दाराशीच थबकला. आत लाल जास्परचे, गारेसारख्या कठीण दगडाचे, खडे होते, आणि दुधासारखा पांढरा गाळ.

"लाल दगडाचा गाळ पांढरा?" ताई पुटपुटली.

टेबलावरच्या धुळीत एक फिकट वर्तुळ होतं.

"इथे काय असायचं?"

"संगमरवरी गोळा, कागदांवर ठेवायला. कुठे गेला कोण जाणे. आणि हात बेसिनमध्ये नका धुऊ, ते तुंबलंय."

मग नवऱ्याचा दगड वेचणारा जोडीदार आला. दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

"भांडलो होतो, नाही कशाला म्हणू? एका हिरव्या जास्परवरून."

"ड्रममधला गाळ कुठे टाकता?"

"बागेत. नळीत गेला तर सिमेंटसारखा बसतो. पहिला धडाच तो!"

बाईचा दीर घरूनच काम करायचा; पलीकडच्या खोलीत छपाईची मुद्रितं तपासत होता. कानात कापसाचे बोळे. प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"दगडांतलं मला काय कळणार? माझ्या लेखी सगळी खडीच. किल्ली पॅसेजमध्ये लटकते, कुणीही घेईल."

संध्याकाळी ताईने सगळ्यांना ड्रमच्या खोलीत बोलावलं आणि ड्रम चालू केला.

"जोडीदारच ना?" बापू कुजबुजला.

"त्याने गाळ बेसिनमध्ये ओतला नसता," ताई मोठ्याने म्हणाली. "घाव बसला संगमरवरी गोळ्याचा. संगमरवर रक्त पितो, डाग पुसून जात नाही. म्हणून कुणीतरी तो ड्रममध्ये धुवायला टाकला. मऊ दगड जास्परपुढे टिकत नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं. गोळा झिजताना दिसला, तसा पुरावाच संपवायला तो ड्रम फिरवतच राहिला. दगडांतलं न कळणारा, किल्लीपाशी दिवसभर असणारा माणूस या घरात एकच आहे."

सगळे दिराकडे वळले.

"एक मात्र मला उमगत नाही," ताई म्हणाली. "गोळा तर संपला. मग अजून का फिरवता?"

त्याने कानातले बोळे काढले.

"ही घरघर माझ्या भिंतीला लागून, रात्रंदिवस. दादा, बंद कर, डोकं उठलंय माझं, असं किती वेळा विनवलं. त्या दिवशी तो हसला. हाताशी होतं ते उचललं मी." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "आता ड्रम थांबला की तो हसतो."

बाईने पुढे होऊन बटण बंद केलं. ड्रम दोन गिरक्या खाऊन थांबला. बापूने नकळत कान दिला. कुठे काही नव्हतं.

दीर मात्र भिंतीशी मटकन खाली बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "लावा हो तो. पाया पडतो."