हरकतीची लहर

"मग ठरलं ना आई? हे घर विकायचं आणि तू आमच्याकडे बंगळुरूला यायचं." श्रीरंग आवटीने चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

कुमुदताईंचे ओठ हलले नाहीत. कपाळावरच्या बोलपट्टीतून त्यांचाच जुना खणखणीत आवाज आला, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा रे. माझं काय, मी आहेच तुमच्याबरोबर."

श्रीरंगचे डोळे भरून आले. "बघा मॅडम, किती समजूतदार झालीय आई!"

समोर बसलेल्या नाझनीन मुजावरने मान डोलावली, पण तिचं लक्ष कुमुदताईंच्या डाव्या हाताकडे होतं. त्या हाताने खुर्चीची दांडी करकचून आवळली होती.

नाझनीन वाचाविज्ञानात पीएच.डी. करत होती. मेंदूच्या झटक्याने वाचा गेलेल्या माणसाला पुष्कळदा सगळं कळत असतं, शब्द मात्र ओठांवर येत नाहीत. कुमुदताईंचं तसंच झालं होतं. 'हो' म्हणायला जावं तर मान आडवी हले, म्हणून त्यांच्या मानेवरही कुणी विसंबत नसे. बोलपट्टी मेंदूतले अर्धेमुर्धे शब्द टिपायची, माणसाच्या जुन्या निरोपांवरून, फोनवरच्या बोलण्यावरून त्यांचं वाक्य जुळवायची आणि त्याच्याच आवाजात बोलायची. ती किती अचूक बोलते, हा नाझनीनच्या प्रबंधाचा विषय.

कुमुदताईंनी मिरजेत उभा जन्म वकिली केली होती. "न्यायाधीशांनी पंखा लावायला सांगितलं, तरी आई हरकत घ्यायची," असं श्रीरंगनेच मागे हसत सांगितलं होतं. अशी बाई राहतं घर विकायला एका वाक्यात तयार?

विद्यापीठात परतल्यावर नाझनीनने त्या भेटीचे मेंदूचे आलेख उघडले. पट्टीचं वाक्य संपतं न संपतं तोच एक लहर खोल बुडी मारत होती. ही लहर तिच्या ओळखीची होती. गाणाऱ्याचा सूर चुकला किंवा आपल्याच हातून भलतं बटण दाबलं गेलं, की मेंदू तत्क्षणी 'हे नव्हे' म्हणतो, त्याची ती खूण. तिने मागच्या भेटी तपासल्या. गोड वाक्य आलं की मागोमाग लहर. मग तिने इतर रुग्णांचे आलेख काढले. तिथेही तेच.

मार्गदर्शक डॉ. हेगिष्टे मॅडमनी आलेख पाहून चष्मा काढला. "अगं, प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आलीय. अचूकता ब्याण्णव टक्के आलीय तुझी."

"मॅडम, ती आपण कुणाला विचारून ठरवली?"

"नातेवाइकांना. रुग्णाला बोलता येत नाही, मग दुसरं कुणाला..." मॅडम मध्येच थांबल्या.

"पट्टीसुद्धा त्यांच्याच पसंतीवरून शिकत गेली. ऐकणारा खूश, म्हणजे वाक्य बरोबर. म्हणून तर पट्टी घातलेली माणसं एवढी गोड बोलतात."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मुदतवाढीचा अर्ज कर," त्या म्हणाल्या, "पण हे सिद्ध झालं नाही, तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाईल. समजून चाल."

नाझनीन कामाला भिडली. तिने पट्टीत नवी सोय बसवली. तयार वाक्य आधी फक्त रुग्णाच्या कानात वाजणार. 'हे नव्हे' म्हणणारी ती हरकतीची लहर दिसली की ते पुसलं जाणार. एकही वाक्य टिकलं नाही, तर ज्या शब्दांवर मेंदू हरकत घेत नाही, तेवढे सुटे शब्दच बाहेर पडणार.

ही नवी पट्टी घेऊन नाझनीन मिरजेला पोचली, तेव्हा घराचा खरेदीदार दुसऱ्या दिवशी यायचा होता. श्रीरंग चिडला. "आता शांतपणे सगळं ठरलंय. कशाला तिला त्रास देताय?"

"एकदाच विचारा, दादा. मग मी जाते."

कुमुदताईंच्या कपाळावर नवी पट्टी चढवल्यावर श्रीरंगने पुन्हा घराचं विचारलं. पट्टी गप्प. आणखी थोडा वेळ गेला.

"बिघडली वाटतं," तो म्हणाला.

"नाही," कुमुदताईंचा आवाज आला.

श्रीरंग दचकला.

"घर... माझं. विकायचं... नाही." कुमुदताईंच्या कपाळावर घाम आला होता. "मला... विचार. आधी."

"आई, मी विचारलं होतं गं!"

"पट्टीला... विचारलंस. गाढवा."

श्रीरंग एकाएकी आईच्या पायाशी बसला आणि हसता हसता रडू लागला. "ही आई! मॅडम, हीच माझी आई!" कुमुदताईंनी डाव्या हाताने त्याला टपली मारली. नाझनीनला समोरचा आलेख दिसेना, इतके तिचे डोळे भरले होते.

पुढे रुग्णांमागून रुग्ण तपासले, तरी निष्कर्ष टिकला. मौखिक परीक्षेला सभागृह गच्च भरलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक कुरकुरले, "पण जुन्यांपेक्षा या नव्या पट्ट्या फारच सावकाश बोलतात."

पहिल्या रांगेत बसलेल्या कुमुदताईंकडून उत्तर आलं, "थांबा... मग."

सभागृह हास्यात बुडालं. सर्वांत आधी टाळी वाजवली ती त्या परीक्षकांनीच. संध्याकाळी हेगिष्टे मॅडमनी स्वतःच्या हाताने पेढा भरवत पहिल्यांदा हाक मारली, "डॉक्टर मुजावर!" आणि नाझनीनचे अब्बा दारातच मोठमोठ्याने हसू लागले.

आता ही सोय सगळ्याच बोलपट्ट्यांमध्ये बसवायची, असं सरकारने ठरवलं आहे. येत्या सोमवारी सकाळी ती हजारो घरांत एकदम सुरू होईल. त्या घरांतली माणसं काय बोलतील, हे ऐकायला नाझनीन आतुर आहे. फक्त एका प्रश्नाचं उत्तर तिला अजून सापडलेलं नाही: त्यांनी कधीच न दिलेल्या होकारांवर आजवर जे जे होऊन गेलं, त्याचं आता काय करायचं?