दोन ठोके म्हणजे उघड

बाबा तळघरात पोचायच्या आधीच खालून पहिला ठोका आला.

त्यांच्या चपला अजून जिन्यात वाजत होत्या. मी वरच्या बेडरूममध्ये रेडिएटरपाशी उकिडवी बसले होते, हातात स्टीलचा डाव. एरवी मी टोस्टर उडाला तरी दचकते. पण वाटलं, पाइप तर आठवडाभर असेच दणकतायत.

१ डिसेंबर २००४, बुधवार, संध्याकाळचे पावणेपाच. परदेशातल्या या नावन गावात हिवाळ्यात तेव्हाच मिट्ट काळोख. माझा नवरा अभिजित लिक्सलिप गावात, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात. त्याचा मोबाइल लॉकरमध्ये. घरात मी आणि बाबा. त्यांच्या बायपासला आठच महिने झाले होते.

अमेरिकेहून परतलेल्या कुणीतरी बांधलेलं हे भाड्याचं घर, तिकडच्यासारखं वाफेवर तापणारं. बाबा एकतीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आल्या दिवशीच सगळे रेडिएटर बघून म्हणाले होते, "हे वॉल्व अर्धे कुणी बंद केले?"

"मी. वाफ वाया जायला नको म्हणून."

"शाब्बास! इंजिनिअर ना तू? अगं, हा काय बेसिनचा नळ आहे? वाफेचं पाणी होतं, ते त्याच पाइपनं खाली परत यायला हवं. तू वाट अर्धी अडवलीस. पाणी साचतं, मागून वाफ येते आणि ते पाणी पाइपात आपटतं, म्हणून हे दणके. एक तर पूर्ण उघड, नाहीतर पूर्ण बंद."

आज त्यांनी कामच काढलं. "मी खाली बॉयलर बंद करतो. पाइपवर दोन ठोके म्हणजे उघड. एक म्हणजे थांब. झालं की तू तीनदा वाजव."

दोन ठोके आले. मी वॉल्व पूर्ण उघडला, डावानं तीनदा वाजवलं. दुसऱ्या खोलीत गेले. खाली बसले, तोच दोन ठोके. उघडला. तिसऱ्या खोलीत… मी टेकायच्या आत, दोन.

मी पोचले हे बाबांना खालून कसं कळतंय?

रेडिएटरला हात लावला. गार. वाफ नाही, म्हणजे पाण्याचा दणका नाही. म्हणजे बाबाच.

मागची खोली राहिली होती. मी वॉल्वच्या मुठीवर हात ठेवला.

एक ठोका.

थांबले.

"बाबा, काय झालं?"

…एक.

"दुखतंय का छातीत?"

…

मी खाली आले. पळाले नाही. पाय आपले चालत होते, माझे नसल्यासारखे. भीतीही वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. तळघराचं दार उघडं. आत दिवा नाही. वरच्या पायरीवर एक जाडजूड पाना ठेवलेला. उचलला. गरम होता.

"बाबा?"

मी पायरीवर पाऊल टाकलं.

एक ठोका. अगदी जवळून.

पाऊल मागे घेतलं. शांत. पुन्हा टाकलं. एक.

ते पडले असतील. मला बोलावतायत. की येऊ नको म्हणतायत…

बाबांच्या स्वेटरच्या खिशात अभिजितचा जुना मोबाइल असतो. लावला. रिंग वाजत राहिली. माझ्या कानात. खाली अंधारात काही वाजलं नाही. कट झाला. परत लावला. परत कट.

तिसऱ्यांदा… रिंग थांबली.

"हं, बोल मृणाल. अगं, बॉयलर बंद करून मागच्या दारानं समोरच्या आजोबांकडे आलोय, पाना मागायला. आपल्या घरात एकही नाही. ते काही सोडत नाहीत बघ, चहाला बसवून ठेवलंय. तू मात्र घाई करू नकोस हं. मी येऊन ठोकेपर्यंत कशालाही हात लावू नकोस."