होय म्हणणारी माणसं

देवबाग अंतराळ केंद्राचं एकही यान अजून उडालेलं नव्हतं. केंद्रात शास्त्रज्ञ नऊ, सगळे एकाच शाळेतून एकाच वर्षी दहावी झालेले, आणि केंद्र म्हणजे त्यांचा फोनवरचा एक ग्रुप. रोज सकाळी कोणीतरी विज्ञानाची बातमी टाकायचं. चंद्रावर बर्फ सापडला, यंत्राने रोगाचं निदान केलं, पन्नास वर्षं चालणारी बॅटरी आली. मग दिवसभर तिची चिरफाड. चिरफाड म्हणजे थोडा वाद आणि बाकी सगळी टवाळी.

वादातली एक बाजू ठरलेली होती. जामसंड्याला शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा गुरुप्रसाद. ग्रुपात त्याला सगळे मास्तर म्हणत. तो बातमीचं मूळ शोधून काढायचा आणि आकड्यांसकट तीन परिच्छेद लिहायचा. दुसरी बाजू जितेंद्र. देवबागला त्याची होडी होती. पर्यटकांना खाडीच्या संगमावर न्यायचं, डॉल्फिन दाखवायचे आणि वाटेत अशा काही थापा मारायच्या की माणसं पुढच्या वर्षी त्याचंच नाव विचारत यायची. इंजिन चालू असताना, भोंगा न घेता, होडीच्या पार टोकाच्या माणसापर्यंत त्याचा आवाज पोचायचा. तोच आवाज तो ग्रुपात रेकॉर्ड करून टाकायचा. मास्तरचे तीन परिच्छेद कोणी वाचत नसे. जितेंद्रचं वीस सेकंदांचं बोलणं मात्र सगळे दोनदोनदा ऐकत. बरोबर कोण हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि जिंकायचा जितेंद्र. हे गुरुप्रसादला लागायचं. तो कबूल करत नसे, पण लागायचं.

हरणाऱ्याला शिक्षा होती. त्याने ग्रुपात गाऱ्हाणं लिहायचं. देवळात मानकरी देवासमोर उभा राहून गावाचं मागणं मांडतो आणि जमलेली माणसं दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात, तसंच. फक्त इथलं मागणं चावट. रेंज दी म्हाराजा, चार्जिंग टिकव म्हाराजा. खाली आठ जण "होय म्हाराजा" टाइप करून मोकळे. गुरुप्रसादचं गाऱ्हाणं सगळ्यांत फर्मास व्हायचं, कारण त्याच्या घरातच तो मान होता. त्याचे वडील शंकरबाबा चाळीस वर्षं देवळात गाऱ्हाणं घालत आले होते. शब्द त्याच्या कानात लहानपणापासून मुरलेले. देवाबिवाचं त्याने कॉलेजातच सोडून दिलं होतं, त्यामुळे टवाळीत ते शब्द वापरताना त्याची जीभ कधी अडखळली नाही.

डिसेंबरात जितेंद्रने एक बातमी टाकली. फोनचं नवं तंत्र आलंय, बोलण्यामागचा गोंगाट पुसून टाकतं आणि तुटलेले शब्द स्वतःच भरून काढतं. खाली त्याचा आवाज: "म्हणजे मास्तर, आपल्याक ऐकाक येयत नाय ता फोनाक ऐकाक येता. बरोबर मा?"

गुरुप्रसादने समजावून सांगितलं. फोनला काही ऐकू येत नाही, तो हिशेबाने अंदाज बांधतो. जितेंद्रने हेच उत्तर मास्तरच्या वर्गातल्या सुरात, खाकरण्यासकट, म्हणून दाखवलं. ग्रुपभर हसण्याचा पूर आला. मास्तर हरला असं जाहीर झालं.

मधली सुट्टी होती. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. पंखा बंद होता. गुरुप्रसादचे कान तापले होते आणि त्याला वाटलं, आज लिहायचं नाही, आज बोलूनच दाखवू. त्याने फोन तोंडाशी धरला आणि वडिलांच्या ठेक्यात, दर वाक्यामागे होकाराला जागा सोडत, सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा. बारा पाचाच्या म्हाराजा. आज तुझा लेकरू तुझ्याकडे एक मागणा मागता म्हाराजा. ह्या आमच्या जितेंद्राची वाचा आमच्या कानांक जड झाली म्हाराजा. ती आता तू तुझ्याकडेच ठेवून घी म्हाराजा."

सगळे खूश झाले. जितेंद्रने तर हात जोडल्याची चार चित्रं टाकली. थोड्या वेळाने संचिताने लिहिलं. ती पुण्यात, आवाजाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी. "मास्तर, मागे पोरां आसत काय तुझ्या? होय म्हणतत ती?"

गुरुप्रसादने कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकलं. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतरच्या जागेत, अगदी बारीक, चारपाच माणसं एकदम "होय म्हाराजा" म्हणत होती. पोरांचे आवाज नव्हते. थोराड, दमलेले, एका लयीतले होते.

"बघलास? फोनान रिकामी जागा भरली," जितेंद्र म्हणाला. "मास्तर, आता हरलंस तू दोनदा."

गुरुप्रसादला ते पटलंही. फोन नवा होता. पण मास्तर तो मास्तर. त्याने लगेच प्रयोग लावला. त्याच खोलीत, तितक्याच जागा सोडत, त्याने न्यूटनचे नियम म्हटले. काही नाही. सातचा पाढा म्हटला. काही नाही. मग जुना फोन काढला, ज्यात असलं कुठलंच तंत्र नव्हतं, आणि काजूला मोहोर यावा म्हणून एक साधं गाऱ्हाणं घातलं. ऐकताना त्याने आवाज मोजायचा प्रयत्न केला. नऊपर्यंत मोजले आणि पुढे ते एकमेकांत मिसळून गेले.

दोन्ही गाऱ्हाण्यांच्या फायली त्याने संचिताला पाठवल्या. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ग्रुपात नव्हे, त्याला एकट्याला. "तुझो आवाज खोलीतलो आसा. भिंतींक आपटून परत येता. तेंचो येयत नाय. ती माणसा मोकळ्यार उभी आसत." आणि खाली: "माका परत असला काय पाठव नको."

तेवढ्यात जितेंद्रचा एक निरोप आला. बावीस सेकंदांचा. त्यात लाटांचा आवाज होता, इंजिनाची घरघर होती, एक पर्यटक बाई हसत होती. जितेंद्र नव्हता. ग्रुपातल्यांनी त्यावर टवाळी केली: मागणं पावलं रे. संध्याकाळी आणखी एक आला, तसाच. त्यानंतर त्याने लिहायला सुरुवात केली. "घसो बसलो वाटता."

घसा उघडला नाही. आठवड्याने तो कुजबुजूही शकत नव्हता. मालवणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोव्याच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि सगळं ठणठणीत आहे असं लिहून दिलं. नाताळ तोंडावर आलेला. खाडी पर्यटकांनी फुलून गेली होती आणि जितेंद्रची होडी माडाला बांधलेली. मुका वाटाड्या कोणाला हवा असतो? त्याने चुलतभावाला बोलायला बरोबर घेऊन पाहिलं, पण माणसं येत ती त्या आवाजासाठी. ग्रुपात आता बातम्या येत नव्हत्या. कोणी गुरुप्रसादला दोष दिला नाही, आणि त्याला त्याचाच जास्त त्रास होत होता. आपण शिकलेली माणसं, असं काही नसतं, हे तो रोज सकाळी स्वतःला सांगायचा आणि रोज दुपारपर्यंत त्याचा धीर सुटायचा.

शेवटी तो वडिलांजवळ बसला. शंकरबाबा जेवत होते. त्याने सगळं सांगितलं, फोनसुद्धा लावून दाखवला. म्हाताऱ्याने ऐकता ऐकता ताटावरचा हात काढून घेतला.

"समोर कितीजणां होती?"

"कोणच नाय. मी एकटोच होतंय."

"गाऱ्हाणा माणसांसमोर घालतत, गुरू. होय म्हणाक माणसा लागतत, म्हणान. समोर माणसाच नसली तर होय कोण म्हणतलो?" त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, न पिताच खाली ठेवला. "आमच्या वडलांनी देऊळ रिकामा असताना कधी तोंड उघडूक नाय."

"मगे आता?"

"मागलेला परत मागता येता. पण ज्येचा नाव घेतलंस, तेना स्वतःच्या तोंडान होय म्हणूक व्हया."

"बाबा, तेका बोलूकच येयत नाय."

शंकरबाबांनी ताट बाजूला सारलं. "फोनार मागलंस ना? फोनारच माग," ते म्हणाले. "माका त्यातला काय कळना नाय."

रविवारी सकाळी नऊ वाजता गुरुप्रसाद देवबागला पोचला. जितेंद्रचं घर खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यावर, दोन्ही बाजूंनी पाणी दिसणारं. पडवीत ऊन आलं होतं. जितेंद्रचा चेहरा उतरला होता, पण मास्तरला बघून तो हसला आणि खुर्ची पुढे सरकवली. त्याची बायको किशोरी चहा घेऊन आली.

"भावोजी, काय करूचा आसा ता करा," ती म्हणाली. "मी आत माशे साफ करतंय. माका बघवना नाय." ती मागच्या सोप्यात गेली आणि सुरीचा आवाज सुरू झाला.

गुरुप्रसादने जितेंद्रला सांगितलं, दर वाक्याला तू होय म्हाराजा म्हण, आवाज आला नाही तरी ओठ हलव. ह्या वेळी समोर माणूस आहे. जितेंद्रने मान हलवली. त्याचा स्वतःचा फोन चार्जिंगला आत होता. गुरुप्रसादने आपला फोन दोघांच्या मधे स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा."

जितेंद्रचे ओठ नीट हलले. आवाज नाही.

"तुझ्या लेकराकडून चूक झाली म्हाराजा."

ओठ हलले.

"मस्करीत मागलेला मागणा आज परत घेतंय म्हाराजा. ह्या जितेंद्राची वाचा तेची तेका परत दी म्हाराजा."

जितेंद्रचे डोळे भरून आले होते. त्याने सगळा जीव ओतून तोंड उघडलं. होय म्हाराजा. गुरुप्रसादला अक्षर न् अक्षर दिसलं. मागे सुरी चालत होती. दुसरा आवाज नव्हता.

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. एक्केचाळीस सेकंद. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याने ते लावलं.

"बा देवा म्हाराजा." आणि मागून होकार आला. आता तो बारीक नव्हता. देवळाच्या चौकात मावणार नाही एवढी गर्दी होती.

त्या गर्दीत, सगळ्यांच्या वर, इंजिनावरून ऐकू जाणारा तो आवाज होता.

जितेंद्र खुर्चीतून अर्धा उठला. त्याने गुरुप्रसादचं मनगट घट्ट धरलं. तो हसत होता. दुसऱ्या वाक्यालाही तो आवाज आला, पहिल्यापेक्षा खणखणीत.

मग शेवटचं वाक्य. तेची तेका परत दी म्हाराजा.

गर्दी गप्प झाली. फोनमधून नुसता वारा आला, मोकळ्यावरचा.

आणि तो एकटाच आवाज, सावकाश, पर्यटकांना बेट दाखवावं तसा म्हणाला:

"नाय म्हाराजा."

जितेंद्रची पकड सुटली. त्याने स्वतःच्या ओठांना हात लावला आणि मान हलवत राहिला, मी नाही, मी तसं म्हटलं नाही. गुरुप्रसादला ते माहीत होतं. त्याने पाहिलं होतं. पडद्यावर एक्केचाळीसचा आकडा येऊन रेकॉर्डिंग संपलं होतं.

मागे सुरी पडल्याचा आवाज झाला. किशोरी माशांच्या खवल्यांनी भरलेल्या हातांनी धावत पडवीत आली. तिच्या तोंडावर असा आनंद होता की गुरुप्रसादला तिच्याकडे बघवेना.

"आवाज इलो तुमचो," ती म्हणाली. "माका आतसून ऐकाक इलो. बोललात ना तुम्ही?"

जितेंद्र तिच्याकडे बघत तोंड घट्ट मिटून उभा होता.

स्टुलावरचा फोन काळा झाला होता.

"होय गो," फोन म्हणाला.