उशिरा वळणारी मूठ

बांगड्या भरताना कासारानं पोरीचा हात धरला, तर त्यात कोणी वावगं मानत नाही. म्हणूनच मैत्रिणीच्या लग्नासाठी दिग्रसच्या बाजारात बांगड्या भरायला बसलेल्या निकितानं तरुण कासार ऋतिकच्या हातात हात दिला, पण बोटं ताठच ठेवली.

"हात ढिला सोडा न... खात नाई मी तुमाले," तो हसला.

त्यानं सवयीनं बोटं एकत्र दाबली, तशी ती किंचाळली. अख्खं दुकान वळून पाहू लागलं.

ऋतिकचं तोंड उतरलं. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजून गरम झाले होते.

"कापूस वेचून झालं असन," ती पुटपुटली.

"वेचणी तं कवाचीच सरली. डॉक्टरले दाखवा..." आणि मग ओशाळून, "मी आपलं सहज म्हणतो."

सकाळी मूठ वळायलाच तिला तास जायचा. आई, विमलताई, म्हणायची, चिकनगुनियाची कसर आहे, जाईल. पण त्याचं ते 'सहज' काही निकिताच्या डोक्यातून जाईना. ती यवतमाळला गेली.

रक्त तपासलं, एक्स-रे काढला. "आमवात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शरीराचं रक्षण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. लवकर आलीस, सांधे वाचवता येतील." गोळी आठवड्यातून एकदाच, चुकूनही रोज नाही. रक्ततपासणी टाळायची नाही. गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. मूल हवं असेल तर आधी सांगायचं, म्हणजे औषध बदलता येतं.

"कोणाले सांगू नको वं," विमलताई रडत म्हणाली. "लग्न कसं होईन तुहं?"

आभार मानायला म्हणून निकिता दुकानात गेली. मग आभार संपले तरी जात राहिली... दुपारीच, सकाळचे आखडलेले हात मोकळे झाल्यावर.

"आज काय पायजे?"

"काही नाई."

"काही नाई... डझनभर बांधू?"

औषधानं हळूहळू सूज उतरू लागली. दिवाळीनंतर एकदा गिऱ्हाईक नसताना ऋतिकनं खालच्या मानेनं विचारलं, "बाबाले तुमच्या घरी पाठवू काय?"

याच शब्दांची ती वाट पाहत होती, आणि याच शब्दांची तिला धास्ती होती. गप्प राहिली असती तर सगळं सोपं होतं. पण ज्यानं आधी दुखणं ओळखलं, त्यालाच फसवायचं? तिनं सगळं सांगितलं, मुलाबाळांचंही.

तो समोरच्या बांगड्या उगाच पुन्हा रचू लागला. निकिताला वाटलं, संपलं.

"जनमभर राहीन हे?"

"हो."

"बोटं वाकतीन?"

"औषध चाललं तं बहुतेक नाई... पण खातरी कोण देते?"

"मले भेव वाटून राह्यलं," तो म्हणाला.

"मलेही."

त्याला खोटं हसता आलं नाही, यातच त्यानं तिचं मन जिंकलं. तिचे डोळे भरून आले.

"सकाळी सगळ्यात अवघड काय जाते?" त्यानं विचारलं.

"वेणी. माय घालून देते."

ऋतिकनं समोरच्या खोक्यातून तीन रिबिनी ओढल्या, टोकाला गाठ मारली आणि तिच्यापुढे धरल्या.

"शिकवा मंग. पह्यले कोणती घेऊ?"

निकितानं ओढणीनं डोळे पुसले. "उजवी," ती म्हणाली, "मधलीवरून..."